सल्ला हवा: छऱ्याच्या रायफलीला भर उन्हात चालणारी, बिनसेलची साईट (बजेट २,०००)

वावरवाला_आर्वी
नमस्कार मंडळी. जुनी पॉइंट १७७ ची (नळीचं भोक ०.१७७ इंच) स्प्रिंगवाली छऱ्याची रायफल घेतली आहे. वावरातल्या निंबाखाली बसून धुऱ्याच्या मातीत रोवलेल्या लोखंडी चकत्यांवर मी आणि पुतण्या नेमबाजी करतो. अंतर २५ मीटरच्या आसपास. आम्ही सावलीत आणि चकती रखरखत्या उन्हात, अशी गंमत आहे. माझं वय ४८. साईटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, मागची खाच धूसर दिसते, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा खुंटा) लुकलुकते. सेलवाली साईट नको, बटन सेलसाठी तालुक्याले जावं लागते. २,००० रुपये ठरवले, ताणून २,५००. शिकार करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बर्डीवाला
डोळे झाकून रेड डॉट घ्या, काचेत लाल टिपका दिसणारी सेलवाली साईट. मी ६,५०० ला घेतला, एक नंबर. एक सेल वर्षभर जातो.

वावरवाला_आर्वी
सेल नको म्हटलं ना जी. अन् ६,५०० मध्ये माझी रायफलच येते.

बर्डीवाला
चांगल्या वस्तूला पैसे लागतातच भाऊ.

पुसदचा_पाटील
रेड डॉटचं कौतुक सांगू नका राजेहो. माझ्याकडं होता. दुपारी बारा वाजता पांढऱ्या भिंतीवर धरला की लाल टिपका कुठं गेला ते शोधत बसायचं. उजेड शेवटच्या नंबरवर नेला तरी फिकाच. संध्याकाळी मात्र असा फुलायचा की चकतीच झाकायची.

संत्रा_बाग_वरूड
फायबरवाली साईट घे भाऊ, उजेड ओढून टोकाला चमकणाऱ्या काडीची. पुढं हिरवी काडी, मागं दोन लाल. सेल नाही, बटन नाही. मी बसवली तेव्हापासून शेजारचे तिघं जण दुकानाचा पत्ता विचारून गेले. भर दुपारी वावरात उभा राहून मारतो, काडी अशी पेटते की विचारू नका. १,२०० मध्ये काम होते.

एकॉग_किंग_वर्धा
एकॉग घ्या काका, फौजी रायफलीची साईट!! तिलाही सेल लागत नाही. पबजीत मी तीच लावतो 😎

बर्डीवाला
पोट्ट्या, ती खरी साईट लाखाच्या घरात जाते. अमेरिकन फौजेची वस्तू आहे.

एकॉग_किंग_वर्धा
पण सेल नाही ना लागत?

रेंजवाला_अमरावती
नाही लागत, पोरगा बरोबर बोलला. दिवसा वरची फायबरची नळी उजेड गोळा करते आणि आतली खूण उजळते. रात्रीसाठी आत ट्रिटियम असतो, म्हणजे सेलशिवाय खूण उजळवणारा किरणोत्सर्गी वायू. तो १२ वर्षांत निम्मा होतो, पुढं मिणमिणतो.

पण खरा मुद्दा वेगळा आहे आणि वरूडच्या भाऊंच्या उत्तरात तो सुटला. फायबर तुमच्या जागेवरचा उजेड घेते, निशाण्यावरचा नाही. ते उन्हात उभे राहतात, म्हणून काडी पेटते. आर्वीचे भाऊ निंबाच्या सावलीत बसणार. काडी मंद आणि मागची चकती झगझगीत, त्यामुळं नेमकी हवी तेव्हाच ती विझल्यासारखी होईल. उलटं केलं, म्हणजे उन्हात बसून सावलीतलं निशाण धरलं, तर काडी इतकी पेटते की तिची कड कुठं संपते तेच कळत नाही. महागड्या साईटलाही हा नियम चुकत नाही.

उजळ निशाण्यासमोर काळी माशीच चांगली उठून दिसते.

संत्रा_बाग_वरूड
आमची तर सावलीतही पेटते.

रेंजवाला_अमरावती
पेटत असेल. २५ मीटरवर गट किती इंचांचा येतो, म्हणजे छर्रे एकमेकांपासून किती लांब लागतात, ते सांगा.

सुभेदार_काका_बुलढाणा
बाळांनो, आमच्या वेळी फौजेत एसएलआर रायफल होती. मागं भोकाची साईट, पुढं टिप. ना काच, ना काडी. राजस्थानच्या उन्हात सहाशे यार्डांची खूण लावून मारलं आहे. उन्हात टिप चमकली की आम्ही धुरानं काळी करायचो. कंदिलाच्या ज्योतीवर धरली की झालं. आता रॉकेल कुठं मिळते म्हणा, तर कापूर जाळा, काजळी दाट येते. फक्त प्लास्टिकची काडी बसवली असेल तर आच दाखवू नका, वितळेल.

आणखी एक. ऊन उजव्या अंगानं पडलं की माशीची उजवी कड चमकते. डोळा त्या चमकेलाच माशी समजून मधात धरतो आणि गोळी डावीकडं जाते. सकाळी एकीकडं, दुपारनंतर दुसरीकडं लागत असेल तर रायफलीले शिव्या देऊ नका.

वावरवाला_आर्वी
काका, अगदी असंच होते! मी छऱ्याचा डबा बदलला होता या पायी.

चष्मा_अकोला
सुभेदार काका म्हणतात तेच मीही म्हणतो, भोकाची साईट घ्या, म्हणजे पीप साईट. आपल्या वयाले खाच, माशी आणि निशाण तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही. भोक बारीक असलं की डोळ्याले आत येणारा उजेड कमी होतो आणि जवळचं-लांबचं दोन्ही रेखीव दिसते. फोटोवाले कॅमेऱ्याचं तोंड बारीक करतात तसंच. लख्ख उजेडात तर उत्तमच. अंधारून आलं की मात्र बाद, तवा मोठं भोक लागते. मले २,००० च्या आत मिळाली. डोळ्याजवळ बसवा, नळीवरची खाच काढून टाका. अन् पुढच्या माशीवर नळकांड्यासारखं टोपण घाला, ऊन थेट पडत नाही.

पुसदचा_पाटील
पीप घ्या. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ले पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेही पीपवर, दुर्बिणीशिवाय.

रेंजवाला_अमरावती
त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही हो.

कापूसवाला_राळेगाव
सगळे साईटवर बोलून राह्यले. मले सांगा, या रायफलीनं रोही (नीलगाय) पळते का? तुरीचा सत्यानाश केला बाप्पा. रात्रभर जागली करतो, तरी पहाटे डुकरं येऊन जातेच.

बर्डीवाला
दोन छर्रे घाला ढुंगणावर, फिरकणार नाही.

रेंजवाला_अमरावती
असलं काही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं, नुसता प्रयत्न करणं हेही शिकारीतच मोडते. पॉइंट १७७ आणि २० ज्यूलच्या (छऱ्याचा जोर) आतली एअर रायफल, म्हणजे छऱ्याची रायफल, परवान्याशिवाय ठेवता येते, याचा अर्थ जनावरावर झाडता येते असा नाही. पिकाचा पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज वनविभागाकडं द्या.

कापूसवाला_राळेगाव
अर्ज दिला आहे जी. दिवाळीच्या आधी.

पुसदचा_पाटील
भरपाईचा वेगळा धागा काढा, मीही येतो तिथं. इथं आणखी एक लिहून ठेवतो: दुर्बीण बिलकुल घेऊ नका. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका आधी मागं, मग पिस्टन आपटला की पुढं. मी बोअरच्या बंदुकीची चार पॉवरची (चौपट मोठं दाखवणारी) दुर्बीण लावली होती. आतली नेम धरायची तार तुटली, माउंट (दुर्बीण धरणारी पकड) घसरत घसरत मागं आला. दुकानदार म्हणे, गॅरंटीत बसत नाही.

वावरवाला_आर्वी
सगळ्यांचे आभार. काल माशी कापरानं काळी केली, फरक लगेच दिसला. काका, दंडवत. फायबरचा नाद सोडला.

पण पीप नाही घेतली. चार पॉवरची, न बदलणारी, तारेच्या काळ्या क्रॉसची दुर्बीण मागवली, २,३५०. कारण सांगतो: ४५ डिग्रीत छर्रा कुठं लागला ते पाहाले दरवेळी धुऱ्यापर्यंत जाणं होत नाही. पुतण्या पळून येतो म्हणते, पण त्याची माय मले बोलते.

चष्मा_अकोला
मंग इचारलं कायले?

पुसदचा_पाटील
तार तुटली की याच धाग्यावर या.

रेंजवाला_अमरावती
घेतलीच आहे तर एवढं बघा. डब्यावर एअर रायफलसाठी असं लिहिलं आहे का? नसेल तर परत करा, अजून वेळ आहे. साध्या दुर्बिणीचा फोकस बहुधा १०० यार्डांवर बांधलेला असतो. २५ मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉसही हलतो, म्हणून गाल रोज एकाच जागी टेकवा. माउंट रायफलीवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणारा पाहिजे, तो घसरू नये म्हणून मागं अडकण लावा. स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. पुढच्या काचेवर तिरपं ऊन आलं तर पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आतून काळा करून चढवा.

वावरवाला_आर्वी
अडकण म्हणजे ते वेगळं विकत घ्यावं लागते का माउंटसोबत येते?

बर्डीवाला
माझ्या रेड डॉटसोबत आलं होतं.