मदत हवी आहे: रोड बॉन्डचे कागद मागवताना नेमकं काय मागू?

टेक्सासमधल्या मंडळींना विचारतोय. आमच्या काउंटीनं रोड बॉन्ड (रस्त्यांसाठी काढायचं कर्ज) मतदानाला आणलाय. फेडायचा आपल्याच प्रॉपर्टी टॅक्समधून. काही रस्ते एडवर्ड्स ॲक्विफर या भूजलसाठ्याच्या रिचार्ज झोनवरून, म्हणजे पाणी मुरून साठा भरतो त्या पट्ट्यावरून जातात. तिथला चुनखडक भेगाळलेला, पावसाचं पाणी फारसं गाळलं न जाता थेट खाली उतरतं. म्हणजे रस्त्यावरचं तेलही विहिरीत! काउंटीच्या बैठकीच्या अजेंड्यात मात्र एकच मोघम ओळ, रस्त्यांची नावंसुद्धा नाहीत. रुंदीकरणाला माझा सरसकट विरोध नाही, पण हे अतीच झालं.

पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली (टेक्सासचा माहिती अधिकाराचा कायदा) अर्ज करतोय. कागद नाकारायचे तर काउंटीला कामाच्या 10 दिवसांत ॲटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) जावं लागतं, एवढं ठाऊक आहे. सल्लागार कंपनीसोबतचे ईमेल मिळतात का? आणि मोघम अजेंड्यावरून ओपन मीटिंग्ज ॲक्टचा (सरकारी बैठका खुल्या ठेवण्याचा कायदा) मुद्दा मतदानाआधीच काढावा का? कुणी केलंय?