अभ्यासाचे तास मोजता मोजता मन उडालंय

प्रश्न: सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतेय. अभ्यासिकेच्या ग्रुपवर रोज रात्री आपापले तास टाकायचे. कुणी बारा, कुणी चौदा. आकडा भरावा म्हणून मी वाचून झालेलं प्रकरण पुन्हा उघडून बसते. भूगोल माझा जीव की प्राण, पण आता गोदावरीचं खोरं समोर असलं तरी नजर घड्याळावर. काय करू?

उत्तर १: ग्रुप म्यूट कर, आजच. तासांऐवजी रात्री एवढंच लिही: गोदावरीच्या उपनद्या न बघता नकाशात काढता आल्या की नाही.

उत्तर २: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी दिली, काहींना सोडवण्याचे पैसेही दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा मोकळ्या वेळातला कोड्यांचा नाद कमी झाला. तुझ्याकडे पैशांच्या जागी आकडा आलाय, असं मला वाटतं.

उत्तर ३: ताई, मीही याच पेठेत आहे. चौदा तासवाल्यांचं बघून जीव जाळू नकोस. त्यात चहाच्या टपरीवरचा वेळही धरलेला असतो! झोप मात्र कापू नकोस.

प्रश्नकर्ती: म्यूट केला. मागे पडायची भीती आहेच, पण उद्या आधी नकाशाच काढणार.