जोसेफ जॅक्सन: पत्ता बदलणारा पाद्री, एवढंच?

शिकागोकर: "जॅक्सन म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगचा द्वेष करणारा पाद्री, विषय संपला" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. संपला कसा? टेनेसीतल्या फेएट काउंटीत मतदारयादीत नाव घातलं म्हणून जमीनदारांनी काळ्या कुळांना हुसकावलं. १९६०च्या हिवाळ्यात ती तंबूत कुडकुडत होती. त्यांच्यासाठी जमीन घेतली ती जॅक्सन अध्यक्ष असलेल्या नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननं, म्हणजे काळ्या बॅप्टिस्ट चर्चांच्या संघटनेनं. मोर्चे पुरे, पिकवा नि कमवा, हे मिसिसिपीत वाढलेला माणूस उगाच म्हणत नव्हता.

आडवा डोळा: जमीन घेतली, उपकार झाले. आणि १९६१चं कॅन्सस सिटीचं अधिवेशन? अध्यक्षपदासाठी जॅक्सनविरुद्ध उभ्या गार्डनर टेलरची माणसं व्यासपीठावर चढली, रेटारेटीत एक पाद्री खाली पडला, पुढे वारला. जॅक्सननं खापर फोडलं टेलरच्या बाजूच्या किंगवर! कन्व्हेन्शनच्या संडे स्कूल काँग्रेसचं किंगचं उपाध्यक्षपदही काढलं. १९६८ला शिकागोच्या साउथ पार्कवे रस्त्याला किंगचं नाव लागलं, तर जॅक्सननं आपल्या ऑलिव्हेट चर्चचा पत्ता बाजूच्या एकतिसाव्या रस्त्यावर नेला. मेलेल्या माणसाशी कसली खुन्नस?

चहाबाज: तुम्ही पत्त्यावरून भांडा. खरं दुखणं खुर्ची. कन्व्हेन्शनच्या अध्यक्षपदाला सलग चार वर्षांची मर्यादा १९५२ला घातली, १९५३ला जॅक्सन आले, १९५७ला मर्यादाच बाद! एकोणतीस वर्षं बसले. आमच्या सोसायटीचे चेअरमन चौदा वर्षं आहेत. पोटनियमांची फाईल मागितली तर म्हणे उंदरांनी खाल्ली. फाईल त्यांच्याच कपाटात, किल्ली कमरेला.

निव्वळ वाचक: इथे सोसायटी कुठून आली? पण काढलीच आहे तर ऐका. आमच्याकडे दरवर्षी नवा चेअरमन आणि गच्चीवरची टाकी चार वर्षं गळतेय. मुदत बदलून टाकी दुरुस्त होत नाही.

चहाबाज: टाकी गळते म्हणून हुकूमशहा बसवायचा का? धन्य आहे.

निव्वळ वाचक: चौदा वर्षांत तुम्ही एकदा तरी उभे राहिलात का? आम्ही वाचतोय फक्त तक्रारी.

आडवा डोळा: अहो, मूळ मुद्दा! मर्यादा पाळली असती तर टेलर-किंग मंडळींना प्रोग्रेसिव्ह कन्व्हेन्शनची वेगळी चूल मांडावी लागली नसती. शेवटी १९८२ला जॅक्सनला हरवलं कोणी? जेमिसननं. म्हणजे १९५३ला बॅटन रूजमध्ये बसवर बहिष्कार घालणाऱ्यानंच. आहे ना मजा?

शिकागोकर: बरं बाबा, १९५७लाच उतरायला हवं होतं. लिहून घ्या. पण कुळांच्या जमिनीबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

चहाबाज: लिहून घेतलं. फाईल कुठे ठेवू? उंदीर आहेत.