शब्दचर्चा : ‘हयगय’ की ‘बेदरकारपणा’?

वाघबीळकर
माझी आई, वय 67. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडचा सर्व्हिस रोड ओलांडताना उलट्या दिशेने आलेल्या मोटरसायकलने तिला उडवलं. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालते. स्वयंपाकघरातून दारापर्यंत एकोणीस पावलं होतात, हे तिनेच मोजून सांगितलं.

परवा फिर्यादीची प्रत हातात आली. त्यातलं वाक्य असं: ‘आपल्या ताब्यातील मोटरसायकल रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून फिर्यादीस धडक देऊन गंभीर दुखापतीस कारणीभूत झाला.’ आईने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ‘हयगयीने’वर बोट ठेवलं. म्हणाली, “हयगय म्हणजे मी प्रेशरची गोळी घ्यायची राहून जाते ती. हा तर मला बघून हॉर्न वाजवत आला.”

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. हयगय म्हणजे नेमकं काय? आणि फिर्यादीत कोणता शब्द पडला यावर शिक्षा ठरते का? कलमं भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125(ब) लावली आहेत. माझ्या मते या गुन्ह्याला असलेली शिक्षा न्याय्य नाही, पण आधी शब्द समजून घ्यायचे आहेत.

पारसिककर
तुमच्या आईंचा कान पक्का आहे. हयगय ही आपल्याकडे नेहमी कर्तव्याची होते. औषधाची हयगय, अभ्यासाची हयगय, पाहुण्यांच्या सरबराईत हयगय. जे करायला हवं होतं ते राहून गेलं, ढिलाई झाली. त्यात अंगावर जाणं नाही. ‘निष्काळजीपणा’ही जवळपास तसाच, काळजी घेतली नाही एवढंच तो सांगतो.

बेदरकार वेगळा. दरकार फारसीतून आला. तिकडे अर्थ गरज, आपल्याकडे झाला पर्वा. ‘मला कुणाची दरकार नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला समोरचा दिसत असतो, त्याला फक्त किंमत नसते. हयगय करणाऱ्याचं लक्ष नसतं, बेदरकार माणसाचं असतं. मला तर हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

आणखी एक, ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य आपण दर मोठ्या अपघातानंतर ऐकतो. हयगयीतला ‘गय’ कानाला तसाच लागतो. ज्या शब्दात आधीच गय ऐकू येते, तोच आपण धडक देणाऱ्याला लावतो.

निवृत्त शिरस्तेदार
ठाण्याच्या कोर्टात माझी सत्तावीस वर्षं गेली, अशा फिर्यादी रोज हाताखालून जायच्या. कायद्यात हे दोन शब्द वेगळेच आहेत. मूळ इंग्रजीत ‘रॅश ऑर निग्लिजंट’. रॅश म्हणजे बेदरकार किंवा अविचारी, निग्लिजंट म्हणजे हयगयीचा. पण मध्ये ‘ऑर’ आहे ना, तिथे सगळं सपाट होतं. दोन्हींना कलम एक, शिक्षा एक. त्यामुळे फिर्याद लिहिणारे हवालदार सगळे शब्द एका माळेत ओवतात: भरधाव वेगात, हयगयीने, निष्काळजीपणे, अविचाराने. एखादा शब्द सुटला म्हणून पुढे अडायला नको, हा त्यामागचा हेतू. त्यांना दोष देऊ नये. तुमच्या फिर्यादीत मात्र माळ अपुरी आहे, बेदरकारपणा किंवा अविचार आलेलाच नाही.

आता शिक्षेचं. 281 म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा हजाराचा आकडा 1860 च्या दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली तरी तोच राहिला. 125(ब) म्हणजे गंभीर दुखापत: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या 338 मध्ये दोन वर्षं आणि हजार रुपये होते, म्हणजे इथे वाढ झाली आहे. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने 125 मध्ये तडजोड होऊ शकते.

शब्दांचीच चर्चा आहे म्हणून सांगतो, या कलमातले सर्वांत वजनदार शब्द ‘पर्यंत’ आणि ‘किंवा’ हे आहेत. लोक ‘तीन वर्षं’ वाचतात. वकील ‘किंवा’ वाचतात.

वाघबीळकर
काका, शेवटची दोन वाक्यं आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, “म्हणजे दहा हजार भरून सुटू शकतो?” बॉलचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला.

निवृत्त शिरस्तेदार
ताई, दंड सरकारजमा होतो, तो वेगळा. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो आणि तिथे बहुतेक वेळा विमा कंपनी पैसे देते. तो अर्ज केला नसेल तर लगेच करा, त्याला मुदत आहे. फौजदारी निकालासाठी थांबू नका.

उलवे-उरण
वडील तीस वर्षं कंटेनर चालवतात, न्हावा-शेवा ते गुजरात, म्हणजे तुमच्या घोडबंदरवरूनच. म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. सोळा तास स्टिअरिंगवर बसलेला माणूस गायमुखच्या घाटात डुलकी लागून कुणाला धडकला, तर ती हयगयच आहे. मालकाने त्याला झोपू दिलं नाही, ही त्या मालकाचीही हयगय आहे, पण मालकाचं नाव फिर्यादीत येत नाही. अशा माणसाला आणि नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पहाटे शर्यत लावणाऱ्या पोराला एकच कलम लावणार असाल, तर शिक्षा वाढवून न्याय होणार नाही. वाढलेली शिक्षा आधी आमच्यावर पडेल, कारण वकील करायला आमच्याकडे पैसे नसतात.

जानेवारी 2024 च्या सुरुवातीला चालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. वाद 106(2) चा होता: धडकेत माणूस मेला आणि चालक न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं. बातम्यांत ‘चालक पसार’ एवढंच येतं. जमाव मारतो म्हणून जवळच्या चौकीकडे पळालेल्यालाही ‘पसार’च म्हणतात. वडिलांच्या बाबतीत एकदा तसं झालं आहे. चौकीत स्वतः जाऊन बसलेले होते, पेपरात पसार होते.

शब्दवेडी
उलवे-उरण, राग कसला, हीच बाजू इथे यायला हवी होती.

बातम्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. पोलीस लिहितात ‘आपल्या ताब्यातील वाहन’ आणि पेपर लिहितो ‘वाहनावरील ताबा सुटला’. ताबा हा एकच शब्द, पण पहिल्या वाक्यात माणूस आहे आणि दुसऱ्यात तो नाहीसा होतो. ताबा आपोआप सुटतो, डंपर आपोआप चिरडतो, कार आपोआप फुटपाथवर चढते. ‘अपघात झाला’ हेही तसंच. घात या शब्दात मराठीत करणारा असतो: विश्वासघात, घातपात. पुढे ‘अप’ लागला की करणारा पुसला जातो आणि पाऊस पडल्यासारखा ‘झाला’ येतो. म्हणून मी ‘धडक दिली’ लिहिते. ते वाक्य कर्त्याशिवाय पुरं होत नाही.

घणसोलीची शिक्षिका
‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’बद्दल कुणी बोललं नाही. माझा भाऊ रिक्षा चालवतो. तुर्भ्याला सिग्नल तोडून आलेल्या गाडीने ठोकलं, हाड शाबूत, गुडघ्याचा लिगामेंट तुटला. पहिल्या दिवशी कागदावर ‘किरकोळ दुखापत’. पाच महिने रिक्षा उभी होती. घरात तीन मुलं. किरकोळ कुणासाठी?

निवृत्त शिरस्तेदार
कायद्यात ‘किरकोळ’ नाही, साधी दुखापत आणि गंभीर दुखापत आहे. किरकोळ हा आपण बोलण्यात घातलेला शब्द आणि तो फार नुकसान करतो. गंभीर कशाला म्हणायचं याची यादी ठरलेली आहे: डोळा, कान, एखादा अवयव किंवा सांधा जाणं किंवा कायमचा निकामी होणं, चेहरा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं. करंगळीचं हाड मोडलं तरी गंभीर आणि आईंचा खुबा मोडला तरी गंभीर, दोन्ही एकाच रकान्यात. शेवटी एक पोटकलम आहे: जिवाला धोका किंवा ठरावीक दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं. हे दिवस पूर्वी वीस होते, आता पंधरा. तुमच्या भावाला हे नक्की लागू झालं असतं. त्यासाठी डॉक्टरांचं नंतरचं प्रमाणपत्र तपास अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं. पहिल्या दिवशीचा कागद शेवटचा नसतो, हे लोकांना कुणी सांगत नाही.

पारसिककर
मूळ प्रश्नाकडे येतो, शिक्षा न्याय्य आहे का. काठी मारून कुणी मुद्दाम हाड मोडलं तर 117(2) खाली सात वर्षांपर्यंत. गाडीने मोडलं तर तीनपर्यंत, तेही ‘किंवा’सकट. हा फरक हेतूमुळे आहे आणि तत्त्व म्हणून मला तो पटतो. पण हयगय आणि हेतू यांच्या मधोमध मोठी जागा आहे, तिला मराठीत नेमका शब्द आहे: जाणीव. कुणी मरावं असं वाटत नाही, पण मरू शकेल हे ठाऊक आहे आणि तरीही.

कार्टर रोडची घटना आठवा. नोव्हेंबर 2006, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण गेले. खालच्या न्यायालयाने हयगयीने मृत्यू मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं केली, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. घटना तीच, मृत्यू तेवढेच. बदलली ती फक्त चालकाच्या मनाची व्याख्या: त्याला जाणीव होती. सात माणसांमागे तीन वर्षं हे मला आजही पटत नाही, पण सहा महिन्यांचे तीन वर्षं होण्यामागे एक शब्द होता हे लक्षात घ्या.

जखमींच्या बाबतीतही ही पायरी आहे. कलम 110, सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, दुखापत झाली तर सात वर्षांपर्यंत. मात्र त्यासाठी जाणीव कागदावर दिसावी लागते.

वाघबीळकर
दोन दिवस यावरच विचार केला. उलवे-उरण, तुमच्या वडिलांना डुलकी लागली असती तर मी ‘हयगय’ हाच शब्द मान्य केला असता आणि तीन वर्षंही मला जास्त वाटली असती. मला सरसकट वाढ नको आहे. माझ्या आईला ज्याने बघितलं आणि बाजूला व्हायला सांगितलं, त्याच्यासाठी तो शब्द नको आहे. कायद्याकडे दोन शब्द असून शिक्षा एकच ठेवली, अन्याय मला तिथे दिसतो.

निवृत्त शिरस्तेदार
एक विचारू का? हॉर्नचा उल्लेख तुम्ही पहिल्याच मजकुरात केला. फिर्यादीत तो आहे?

वाघबीळकर
नाही. आत्ता पुन्हा पाहिलं. विरुद्ध दिशाही नाही. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष’ एवढंच. जबाब हॉस्पिटलमध्ये घेतला, आई इंजेक्शनच्या गुंगीत होती.

निवृत्त शिरस्तेदार
मग पुरवणी जबाब द्या. आईंना बोलता येतंय ना? तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज करा, पोच घ्या. त्यांच्याच शब्दांत लिहा, कायद्याचे शब्द तुम्ही घालू नका. 110 लागेलच असं मी म्हणत नाही, ते ठरवणारे वेगळे. पण हॉर्न म्हणजे त्याने बघितलं होतं, हे कागदावर यायला हवं.

वाघबीळकर
काल देऊन आलो. रिक्षाने गेलो, आईला दोन पायऱ्या चढायला दोघांनी धरावं लागलं. हवालदार साहेबांनी नीट ऐकून घेतलं, आईने सांगितलं तसंच लिहिलं: ‘मी दुभाजकाकडून येत होते. तो उलट्या बाजूने आला. त्याने मला लांबून पाहिलं, दोनदा हॉर्न वाजवला, गाडी हळू केली नाही.’ सही करण्याआधी त्यांनी विचारलं, आणखी काही? आई म्हणाली, “वर हयगयीने लिहिलंय, ते तुमचं. हे माझं.”