मदत हवी आहे: साहित्यातला रिअलिझम (आयुष्य जसं आहे तसं दाखवणं) संपून नॅचरलिझम (माणूस निसर्ग-परिस्थितीच्या हातातलं बाहुलं दाखवणं) कुठे सुरू होतो?

मंडळी, एमएचा पेपर तोंडावर आलाय आणि गाडी इथेच अडलीये. जॅक लंडनची १९०८ची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा कळते, उणे ७५ फॅरनहाइट थंडी, त्यातला एकटा माणूस शेकोटी पेटवतो ती नेमकी बर्फाने लादलेल्या झाडाखाली, वरून बर्फ कोसळतो, आग गुल, निसर्गाला कशाचं काही नाही, म्हणजे नॅचरलिझम. पण हॅम्लिन गार्लंडच्या 'अंडर द लायन्स पॉ' या कथेचं काय? भाड्याने शेत कसणारा हॅस्किन्स बायकापोरांसकट राबून शेत सुधारतो आणि मालक बटलर त्याच सुधारणेपायी त्याच शेताचे त्याच्याकडे २५००चे ५५०० डॉलर मागतो. इथे तर माणूसच माणसाच्या मुळावर उठलाय. सर म्हणतात सरळ रिअलिझम, मला नाही पटत. परिस्थितीपुढे हतबल दाखवला की नॅचरलिझम, एवढंच पुरतं का? कुणीतरी कथेतला प्रसंग धरून सांगा प्लीज, नुसत्या व्याख्या नकोत, त्या गाईडमध्ये आहेत.