नोंदणीकृत वाणाचे घरचे बियाणे शेतकरी कंपनीमार्फत विकता येते का?

नमस्कार. आम्ही मंगळवेढा भागातील काही शेतकरी रब्बी ज्वारीचे बियाणे घरीच राखतो. मळणीपूर्वी टपोरी, निरोगी कणसे निवडून ती वेगळी झोडपायची आणि पेरणीआधी उगवण तपासायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मालदांडी या जुन्या वाणाबरोबरच आता सुधारित सरळ (म्हणजे संकरित नसलेले) वाणही आमच्याकडे आहेत. शेजारच्या गावांतून मागणी असल्यामुळे यंदा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत हे बियाणे पिशव्यांत भरून विकावे, असा विचार आहे. मात्र नोंदणीकृत वाणाचे बियाणे शेजाऱ्याला देणेसुद्धा गुन्हा आहे, असे एका विक्रेत्याने सांगितल्यापासून बरेच सभासद मागे सरले आहेत. गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर आपला नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने दावे लावले होते, ते पुढे मागे घेतले गेले. पण भीती मात्र राहिली.

माझ्या वाचनाप्रमाणे विक्रेत्याचे म्हणणे चुकीचे आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित (म्हणजे या कायद्याखाली नोंदणी झालेल्या) वाणाचेही बियाणे राखता, पेरता, देता-घेता आणि विकता येते. मनाई आहे ती पिशवीत भरून, ते संरक्षित वाणाचे असल्याचे दर्शवणारे लेबल लावून विकण्याला. आमची खरी अडचण इथेच आहे. भारी काळ्या जमिनीसाठीचा वाण कोणी हलक्या रानात पेरला तर त्याचा हंगाम वाया जाईल, म्हणून वाणाचे नाव न सांगता बियाणे देणे मला मुळीच पटत नाही.

तेव्हा वाणाचे नाव पिशवीवर न छापता पावतीवर लिहिले किंवा तोंडी सांगितले, तर चालते का? कायद्यातील ‘शेतकरी’ म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती. मग सभासदांचे बियाणे एकत्र करून विकणाऱ्या कंपनीला हा हक्क मिळतो का? बियाणे अधिनियम, १९६६ च्या कलम २४ मधील सवलतही स्वतः पिकवलेले बियाणे आपल्याच जागेवरून थेट पेरणाऱ्याला विकण्यापुरती दिसते, त्यामुळे कंपनीला विक्री परवाना लागेलच, असे मी धरून चाललो आहे.

बियाणे अधिनियमाखाली केंद्र सरकारने अधिसूचित (जाहीर) केलेल्या जुन्या वाणांचे संरक्षण अधिसूचनेपासून १५ वर्षांनी संपते, असेही वाचले आहे. एखाद्या वाणाची मुदत संपली आहे का, हे कोठे आणि कसे तपासावे?

सोलापूर, धाराशिव किंवा सांगली भागातील एखाद्या गटाने असे काम केले असेल, तर लेबलवर नेमका कोणता मजकूर ठेवला ते कृपया कळवावे. सप्टेंबरच्या मध्यापासून पेरणी सुरू होते आणि त्यापूर्वी सभासदांची बैठक घेऊन निर्णय करायचा आहे.