आनंदमेळ्यात रिंग आणि तांबोळा ठेवायचाय, परवानगी कुणाकडून घ्यायची?

कोपरखैरणेकर:
आमच्या महिला मंडळाचा आनंदमेळा आहे, सोसायटीसमोरच्या मैदानात. दहा रुपयांत तीन रिंगा, डबे पाडा, आणि संध्याकाळी वीस रुपये तिकिटाचा तांबोळा. बक्षिसं साबण, स्टीलचे डबे, फुल हाऊसला प्रेशर कुकर. जे उरेल ते बालवाडीला. खजिनदारबाईंचे यजमान म्हणाले, "पैसे घेऊन खेळ म्हणजे जुगार, पोलीस उचलून नेतील." झालं, अर्ध्या बायका मागे सरल्या. मैदान देणाऱ्या कार्यालयात अर्ज मिळाला, पण खेळांचं पोलिसांना विचारा, असं तिथले म्हणाले. पोलीस म्हणतात, आधी मैदानाच्या परवानगीचं पत्र आणा. सुरुवात कुठून करू?

जत्रेवाला:
ताई, ठाण्यात वीस वर्षं रिंगचा ठेला लावतोय. आधी मैदानाचं पत्र, मग पोलीस ठाणं, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची. एका वर्षी माझ्याकडे पोच नव्हती. साहेब बदलले आणि ऐन शनिवारी ठेला गुंडाळायला लागला. साबण घरी आणून वर्षभर वापरला.

अर्जात "खेळांची परवानगी" लिहिलंत की समोरचा पेनच खाली ठेवतो. "महिला मंडळाचा आनंदमेळा" लिहा, खाली खेळ, दर, बक्षिसं सगळं मांडा. लपवू नका. स्पीकरचा अर्ज वेगळा, रात्री दहाला आवाज बंद.

आणि रिंग ठोकळ्यावरून पूर्ण खाली बसते हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर टाकून दाखवा. आमच्यातले काही जण ठोकळा जाड घेतात, रिंग अर्ध्यावर अडकते. भांडण तिथून सुरू होतं आणि पोलीस भांडणासाठीच येतात.

काळा_कोट:
यजमानांचं अर्धं बरोबर. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 सांगतं, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. रिंग आणि डबे म्हणजे हात आणि नजर, तिथे तुमची बाजू भक्कम.

तांबोळा मात्र नशिबाचा, तो सोडतीकडे झुकतो. 1958 च्या मुंबई लॉटरी कायद्यात असल्या मेळ्यातल्या छोट्या सोडतीला वाट ठेवली आहे. पण बक्षीस रोख नको, नफा कुणाच्या खिशात नको, आणि तिकीटविक्री व निकाल दोन्ही मेळ्याच्या जागेवर, मेळा चालू असतानाच. निर्धास्त राहायचं असेल तर तांबोळ्याची तिकिटं फुकट वाटा, कुकर वर्गणीतून आणा. पैसे घेऊन व्हॉट्सअॅपवर खेळवायचं तर मनातही आणू नका, 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत.

कोपरखैरणेकर:
दोघांचे आभार. मैदानाचा अर्ज सोमवारी देते, दोन प्रतींत. पण "मेळा चालू असतानाच" वाचून पोटात गोळा आला. तांबोळ्याची साठ तिकिटं आधीच घरोघरी खपवलीत. उद्या पैसे परत करायला पाच इमारतींचे जिने चढते. दोन इमारतींची लिफ्ट बंद आहे.